पंडरीच्या कापडावरचा माणूस

रायपूरला राजधानी झाल्यापासून जो भेटेल तो एकच विचारायचा, "और, नया क्या?" नवं पुष्कळ होतंही. नवी कार्यालयं, लाल दिव्याच्या नव्या गाड्या, नव्या मंत्र्यांची नवी पोस्टरं आणि त्या पोस्टरांवर हात जोडून उभे असलेले जुनेच लोक. आमचे सर तेवढे उलटं विचारायचे. वाटेत सायकल थांबवून, एक पाय रस्त्यावर टेकवून म्हणायचे, "काय कमी झालं?"

लोक बावचळायचे. एका लग्नात त्यांनी वधूपित्याला हाच प्रश्न केला. तो गृहस्थ सकाळपासून वऱ्हाड्यांची सरबराई करत हसतमुखाने फिरत होता, तो तिथेच मांडवाच्या खांबाला धरून ढसाढसा रडला. बायका सरांवर खवळल्या. सर शांतपणे त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. "मिळालं ते साऱ्याइले दिसते, पोट्टे हो," ते आम्हाला वर्गात सांगायचे. "कमी काय झालं ते पाहत जा."

सर आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत. पुरानी बस्तीत राहायचे. भोसल्यांच्या फौजेबरोबर त्यांचे पूर्वज इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं ते स्वतःच सांगत. समोरचा एक दात पडलेला, तो त्यांनी कधी बसवून घेतला नाही. बोलताना 'स' म्हटलं की बारीक शिट्टी वाजायची. त्यामुळे 'सेपियन्स' हा शब्द आमच्या सगळ्या तुकडीने जन्मभरासाठी शिट्टीसकट पाठ केला आहे.

कुणाकडे बाळ झालं की सर बघायला जात, बाळाला अलगद पालथं करत, कंबरेखाली नीट न्याहाळत आणि आईला म्हणत, "शेपूट नाही. अभिनंदन." माणसाचं शेपूट गेलं ही त्यांच्या लेखी आनंदाची बातमी होती आणि ती दर बाळागणिक ताजी होती. त्यांच्या गल्लीत छपरांवर वानरं यायची, वाळवणं पळवायची. शेजारीपाजारी काठ्या घेऊन धावत. सर गच्चीवरून हात जोडून सांगत, "भाऊसाहेब, पापड राहू द्या." माणूस माकडापासून झाला असं कुणी त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. ते आपले चुलतभाऊ आहेत, बाप नाहीत, आणि चुलतभावाला बाप म्हटल्यावर दोघांचाही अपमान होतो, असं ते म्हणायचे.

तोंडी परीक्षेत त्यांची एक खोड होती. ज्याने सरळ "माहीत नाही" म्हटलं, त्याला ते तिथल्या तिथे निम्मे गुण द्यायचे. जो माहीत नसून ठोकून द्यायचा, त्याची मात्र खैर नसे. मी पहिल्याच परीक्षेत पाच वेळा "माहीत नाही" म्हणाले, तेव्हा ते इतके खूश झाले की मलाच लाज वाटली.

मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. राजधानी झाली, पण राजधानीला लागणाऱ्या खोल्या कुठून आणायच्या? जिथे रिकामी जागा दिसेल तिथे एखादं खातं येऊन बसायचं. आमच्या विभागाकडे मोठी प्रयोगशाळा होती आणि तिच्यापुढे लांबच लांब व्हरांडा. एका संचालनालयाचा त्यावर डोळा गेला. विभागात संशोधन होत नाही, म्हणून एम.एस्सी. बंद करावी आणि जागा मोकळी करावी, असा प्रस्ताव निघाला. हिवाळ्यात दिल्लीहून पाहणी समिती येणार आणि ठरवणार, असं कळलं. पण संचालनालयाला तेवढाही धीर नव्हता. त्यांची माणसं एक दिवस आली आणि आमच्या दाराशेजारी आपला निळा पत्र्याचा बोर्ड चार स्क्रूंनी ठोकून गेली.

विभाग बंद झाला असता तर माझं शिक्षण तिथेच संपलं असतं. बाबा रेल्वेच्या कचेरीत, आम्ही मूळचे विदर्भातले. मला नागपूरला पाठवण्यापेक्षा नागपूरचा एखादा मुलगा बघणं त्यांना सोपं वाटत होतं, आणि तसं ते बघतही होते. त्यामुळे मी त्या बोर्डाकडे न बघता दार गाठायचे. सर रोज त्याला सलाम करून आत शिरायचे.

त्याच सुमारास चिंपांझीचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची सगळी अक्षरं, कुणालाही फुकट पाहता येतील अशी इंटरनेटवर आली होती. माणसाची आधीच आली होती, उंदराचीही. मागोमाग लाल तोंडाच्या माकडाची आली. सरांना अक्षरशः घबाड सापडलं. ते म्हणाले, संशोधनाला पैसा लागतो हे खोटं आहे, आता डोळे लागतात. माणसाचा मेंदू एवढा मोठा का झाला हे सारं जग विचारत होतं आणि सारं जग माणसाला जास्तीचं काय मिळालं ते शोधत होतं. आपण कमी काय झालं ते शोधायचं, असं त्यांनी जाहीर केलं.

मेंदू वाढत असताना काम करणारा एक जीन त्यांनी निवडला आणि त्याच्या शेजारचा एक छोटा पट्टा. सायबर कॅफेतून चौघांची अक्षरं छापून आणली: माणूस, चिंपांझी, माकड, उंदीर. डीएनएची अक्षरं चारच, पण हजारोंनी. कॉलेजात संगणक एकच, तो मुख्य कार्यालयात कपड्याखाली झाकलेला, दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. सर म्हणाले, त्याला नंतर विचारू. आधी आपण चालत जाऊन पाहू. चालत म्हणजे काय, ते आम्हाला पंडरीत गेल्यावर कळलं.

पंडरीच्या ठोक कापडबाजारात सरांनी एका दुकानात मांजरपाटाचे कटपीस काढायला सांगितले. एवढं पांढरं कापड एकदम मागणारं गिऱ्हाईक बघून दुकानदाराचा चेहरा पडला. त्याने हळू आवाजात विचारलं, "गुरुजी, कौन चला गया?"

"कौन नहीं," सर म्हणाले. "क्या चला गया, वही ढूँढ रहे हैं."

दुकानदाराने कापड सुतकाच्या भावात दिलं.

आम्ही ते तुकडे वाटून घेतले. चार अक्षरांचे चार ठसे, चार रंग. घरी बसून प्रत्येकाने आपापल्या तुकड्यावर ओळीने अक्षरं उमटवायची. आईने एकदा डोकावून पाहिलं आणि ही बेडशीट असेल तर एकसारखी नक्षी का नाही, असं विचारलं. मग सगळे तुकडे सरांच्या घरी गेले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, शिवणकामाचे वर्ग चालवत. त्यांनी ते जोडून चार लांब पट्टे केले. चारही पट्टे व्हरांड्यात शेजारी शेजारी अंथरले, आणि सरांनी आम्हाला त्यांच्या कडेने वाकून चालायला लावलं. रंगांच्या ओळी चारही पट्ट्यांवर सारख्या जायच्या. कुठे एखादं अक्षर वेगळं दिसलं की खुणेचा खडा ठेवायचा. एका पट्ट्यात अक्षरं कमी असली तर बाकीच्यांना तिथे चुणी घालायची आणि ओळी पुन्हा जुळवून घ्यायच्या. येणारे-जाणारे हसत. इंग्रजीच्या विभागाने आमचं नाव 'कटपीस सेंटर' ठेवलं.

तिसऱ्याच दिवशी मला सापडलं. माणसाच्या पट्ट्यात अक्षरांचा एक झुपकाच नव्हता, बाकी तिघांत होता. मी ओरडलेच. जिलेबी आली, फोटो निघाले. सर मात्र गुडघ्यांवर बसले, त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि खिशातून छोटी कात्री काढली. टाके उसवले. आत, शिवणीसाठी कड सोडतात त्या मायेत, माझी हरवलेली अक्षरं सुखात दुमडून पडली होती. काकूंनी प्रत्येक जोडावर दोन्हीकडून नीट माया दुमडून घेतली होती. कापडाची कड उघडी ठेवणं त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. छापून मग शिवायचं, ही बुद्धी आमची, तेव्हा दोष त्यांचा कसला?

काकू ऐकून खजील झाल्या. सर इतके हसले की शिट्टी व्हरांडाभर वाजली. त्यांनी जाहीर केलं की माणसाच्या उत्क्रांतीत शिंप्याचा वाटा हा आपल्या विभागाचा पहिला शोध. सगळे जोड उसवून, कडा उघड्या ठेवून, टोकाला टोक लावून पुन्हा टाचले. काकूंनी ते काम मान वळवून केलं. पण व्हायचा तो बोभाटा झाला होता. कँटीनमध्ये पोट्टे विचारायचे, आज दर्जीने काय खाल्लं? संचालनालयाचा एक बाबू तर मुद्दाम येऊन आपल्या टेबलांसाठी व्हरांडा मोजून गेला.

म्हणून पुढच्या वेळी मी बोलले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पट्टे पुन्हा अंथरले होते. उन्हं तिरपी येत होती. माणसाच्या पट्ट्याच्या मध्यावर आले आणि रंग चुकले. पुन्हा मागे गेले, पुन्हा आले. उंदरात होतं, माकडात होतं, चिंपांझीत होतं, अक्षर ना अक्षर जवळपास सारखं. एवढ्या काळात उंदरानेसुद्धा जे जपून ठेवलं, ते माणसात नव्हतंच. मी तिथे खडा ठेवला आणि खाली बसून राहिले. सर आपणहून आले.

"काहून बसली अशी?"

"सर, इथे पुन्हा शिवण असेल," मी म्हणाले.

ते पालथे झोपले. गाल कापडाला लावून, डोळे मिटून बोटं फिरवत राहिले. मग उठले आणि विभागाच्या शिपाईभैयाला सायकल देऊन घरी पिटाळलं. काकू रिक्षातून आल्या, हाताला पीठ तसंच. त्यांनी चष्मा लावला, पट्टा उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला.

"इथं माह्या हातचा टाका नाही," काकू म्हणाल्या. "कापड अखंड हाये."

सर म्हणाले, ठसे मारताना गाळलं असेल. छापील कागद काढले. कागदावरही नव्हतं. मग संगणकावरचा कपडा काढला, त्याला विचारलं. त्यानेही त्याच जागी तेवढीच रिकामी जागा दाखवली. मी रडले, आणि काकूंनी पिठाच्या हाताने माझी हनुवटी धरली.

आम्हाला वाटलं, झालं. सरांना वाटलं, आता सुरुवात. इंटरनेटवरचा माणूस म्हणजे कुठल्या तरी दोन-चार माणसांची अक्षरं. आपल्यातही ही जागा रिकामी आहे का? शिपाईभैयात? प्राचार्यांत? प्रयोगशाळेत एक यंत्र होतं, एका योजनेत आलेलं आणि खोक्यातून कधी न निघालेलं. डीएनएचा आपल्याला हवा तेवढाच तुकडा ते लाखोंनी वाढवून देतं. मग तो तुकडा जेलीत ठेवून वीज सोडायची. लहान तुकडा पुढे पळतो, मोठा मागे राहतो. आमचं म्हणणं खरं असेल, तर माणसाचा तुकडा लहान, तो पुढे जाणार, आणि माकडाचा मागे राहणार. जनावरांच्या दवाखान्यातून एका जखमी माकडाच्या रक्ताचे थेंब मिळाले. माणसांसाठी सरांनी एक टेबल मांडलं, त्यावर चहाचे ग्लास आणि मिठाचं पाणी. जो येईल त्याने चूळ भरून ग्लासात टाकायची, गालाच्या आतल्या पेशी त्यात उतरतात. पण यंत्र सुरू कधी करायचं, यावर सर अडून बसले. समिती येईल त्याच दिवशी, समितीसमोर, असं त्यांनी ठरवलं. आधी करून पाहू, चुकलं तर, असं मी पुष्कळ विनवलं.

"चुकलं तं त्याइच्या समोर चुकन," सर म्हणाले. "लपून बरोबर येण्यापेक्षा ते बरं."

समिती आली. अध्यक्ष उंच, दिल्लीचे, कोटाची सगळी बटणं लावलेले. दारातला निळा बोर्ड त्यांनी वाचला, मग व्हरांड्यातलं कापड पाहिलं, आणि सोबतच्यांना विचारलं की हा विभाग आहे की पंडरीचं दुकान. सगळे हसले. सरही हसले आणि म्हणाले, कापड पंडरीचंच आहे. मग मला पुढे केलं. मी त्यांना पट्ट्यांच्या कडेने चालवत नेलं, शिवणीची गोष्ट लपवली नाही, आणि खड्यापाशी थांबले. अध्यक्ष बराच वेळ वाकून पाहत होते. बाकीचे कंटाळले, ते नाही कंटाळले. सरांनी तेवढ्यात त्यांच्यापुढे चहाचा ग्लास धरला. अध्यक्षांना तो चहाच वाटला. मिठाचं पाणी निघाल्यावर त्यांच्या चेहऱ्याचं जे झालं ते पाहून मला वाटलं, संपला विभाग. पण त्यांनी चूळ भरली आणि निमूटपणे ग्लासात टाकली.

यंत्र सुरू झालं. समिती जेवायला गेली. जरा वेळाने वीज गेली, आणि त्याच क्षणी मागच्या अंगणात धडधड सुरू झाली. लग्नात रोषणाईसाठी टेंटवाले आणतात तो जनरेटर सरांनी सकाळपासून आणून ठेवला होता, झालरीसकट. रायपुरात राहून विजेवर भरवसा ठेवणारा माणूस उत्क्रांतीवर काय बोलणार, असं ते म्हणाले.

संध्याकाळी खोलीचे पडदे ओढले. जेलीची वडी निळसर दिव्यावर ठेवली. सगळे टेबलाभोवती दाटीवाटीने उभे, काकूसुद्धा. सरांनी दिवा लावला, आणि अंधारात केशरी रेघा उमटल्या. एका ओळीत, अगदी ताणलेल्या दोरीवर असाव्यात तशा: शिपाईभैया, प्राचार्य, चहावाला, काकू, मी, दिल्लीचे अध्यक्ष. आणि या सगळ्यांच्या मागे, बोटभर अंतरावर, एकटी एक रेघ. चुलतभावाची.

"हव," शिपाईभैया मान डोलावत हळूच म्हणाला, आपल्याला आधीपासून ठाऊक असल्यासारखं.

अध्यक्षांनी विचारलं, "इसमें मैं कौन-सा हूँ?"

"पहचानिए," सर म्हणाले.

अध्यक्ष जेलीवर झुकले. चहावाल्याची रेघ, प्राचार्यांची, त्यांची स्वतःची, कशात तसूभर फरक नव्हता. ते हसायला लागले, कोटाचं एक बटण सोडलं, आणि मग कामाचा प्रश्न विचारला. हा गेलेला तुकडा करत काय होता? सगळं यावरच होतं, आणि बाजूला संचालनालयाचा तो बाबूही उभा होता.

"मालूम नहीं," सर म्हणाले.

मग सावकाश, शिट्टी वाजवत त्यांनी सांगितलं. अक्षरं जीनच्या शेजारची आहेत, तेव्हा कदाचित हुकूम देणारी असतील. पेशी वाढत असताना कुठे तरी थांबा म्हणणारी. कदाचित तो ब्रेक होता, गेला, आणि मेंदू वाढत राहिला. कदाचित यातलं काहीच नसेल. आमच्याकडे ते तपासायची सोय नाही. रिकामी जागा आहे, एवढंच आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकतो. अध्यक्ष म्हणाले, अशा जागा परदेशात मोठ्या प्रयोगशाळाही शोधत आहेत, ही कदाचित त्यांना आधीच सापडली असेल. सरांचा चेहरा असा उजळला की कुणी त्यांना बक्षीसच दिलं असावं. "मतलब हमने ठीक देखा," ते म्हणाले.

अध्यक्षांनी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं की एम.एस्सी. चालू राहील आणि या व्हरांड्यात टेबल लागणार नाही. "पूरे दौरे में पहली बार किसी ने मुझसे कहा, मालूम नहीं," ते म्हणाले, आणि जाताना काकूंना नमस्कार करून गेले. मला आधी खरंच वाटेना. मग व्हरांड्यात एकच गलका झाला. पोरांनी सरांना उचललं, त्यांची चप्पल पडली, जनरेटरवाल्याने झालरीचे दिवे लावून टाकले, आणि इंग्रजीचा विभाग स्वतःच्या पैशांनी जिलेबी घेऊन आला. बाबांना मी घरी जाऊन एवढंच सांगितलं की नागपूरचा मुलगा थांबेल किंवा थांबणार नाही, मी एम.एस्सी. होणार. ते म्हणाले, बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. निळा बोर्ड स्वतः काढला, पुसला, आणि संचालनालयाला सायकलवरून नेऊन सन्मानाने परत दिला. भिंतीवर चार भोकं राहिली आणि मध्ये एक चौकोन, आजूबाजूच्या भिंतीहून जरा उजळ. प्राचार्यांनी गिलावा करून द्यायची तयारी दाखवली. सरांनी हात जोडून नको म्हटलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर नव्या तुकडीचा पहिला तास त्यांनी त्या भिंतीसमोर उभं राहून घेतला.

आता त्या विभागात मी शिकवते. सर नाहीत, काकूही नाहीत. भिंतीला रंग द्यायची वेळ येते तेव्हा रंगाऱ्याला मी तेवढा चौकोन सोडायला लावते. यंदाची तुकडी आली तेव्हा सगळ्यांना तिथे उभं केलं आणि विचारलं, "इथे काय कमी झालं?" आमची पोरं मराठी समजतात, उत्तर हिंदीत देतात. दोघंतिघं "मालूम नहीं" म्हणाले, त्यांना मी तिथल्या तिथे निम्मे गुण दिले. मग मागून एक पोट्टी म्हणाली, "मॅडम, यहाँ कोई बोर्ड था. निकल गया."

"बरोबर. आणि तो निघाल्यामुळे काय वाढलं?"

तिने भोकांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आपल्या सोबतच्या पोरांकडे पाहिलं.

"हम," ती म्हणाली.